लायसन्सचा फेरफार

संघमित्राला फक्त एक सही हवी होती. एका कागदावर, खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं तिनं पेन्सिलीनं फुलीसुद्धा मारून ठेवली होती. सही करायला माणसाला किती वेळ लागतो? चार सेकंद. माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असेल तर आठ. तिनं सावधपणे बारा सेकंद धरले होते आणि गॅसवर चहा ठेवून आली होती.

"हे काय आहे?" असं म्हणून पप्पांनी चष्मा शोधायला सुरुवात केली.

(चहा तिनं इथंच बंद करायला हवा होता.)

"ट्रान्सफर फॉर्म. आपल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर आहे ना, ते माझ्या नावावर करायचंय. फुलीवर सही करा."

"ट्रान्सफर," पप्पा म्हणाले. हरवलेला जुना मित्र अचानक बसस्टँडवर भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे फेरफार. मिळकतीवरचं नाव बदलायची नोंद."

निवृत्ती सोनकांबळे यांनी तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढली होती. लोकांच्या जमिनी मोजायच्या, नकाशे काढायचे, हद्दीचे दगड दाखवायचे आणि दोन भावांच्या मध्ये उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या, असं ते काम. ते नोकरीला लागले ब्याऐंशी साली. तेव्हा लातूर जिल्हा नवाकोरा होता आणि जुन्या जिल्ह्यातून दप्तराचे गठ्ठे ट्रकनं येत होते. पप्पांच्या सांगण्याप्रमाणे त्यातला एक गठ्ठा वाटेत कुठंतरी पडला आणि तेवढ्यानं एका आख्ख्या शिवारातली माणसं कागदोपत्री बिनजमिनीची झाली. तेव्हापासून पप्पांचं एकच तत्त्वज्ञान होतं: कागद आहे तर माणूस आहे. आणि आता सगळीकडे पुन्हा नव्या जिल्ह्याची चर्चा सुरू झाली होती. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार. त्यामुळे पप्पांच्या अंगात ब्याऐंशी साल संचारलं होतं.

"उद्या जिल्हा फुटला तर?" ते म्हणाले.

"आपलं ऑफिस लातुरात आहे पप्पा, आपण कुठंच जात नाही."

"माणूस जात नाही. गठ्ठे जातात."

ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. बाहेर 'सोनकांबळे सर्व्हे अँड प्लॅनिंग' अशी पाटी. आत दोन टेबलं, एक नवा कम्प्युटर आणि सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली, पुण्यातली नोकरी सोडून आलेली मित्रा. पप्पा निवृत्त झाले त्या वर्षी, दोन हजार बारा साली, त्यांनी ग्रॅच्युइटीतून नकाशे काढायचं हे सॉफ्टवेअर घेतलं होतं, पावणेदोन लाखांना. (आईनं तेव्हा विचारलं होतं, "केवढं आहे?" पप्पांनी खिशातून एक सीडी काढून दाखवली. त्यानंतर आई चार दिवस बोलली नव्हती.)

आता प्रकरण असं होतं. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी रुसला होता आणि शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या अकरा गावांत शेततळी खोदायची, नाले खोल करायचे, त्याचे नकाशे करायचं काम मित्राला मिळालं होतं. तिच्या स्वतःच्या नावानं मिळालेलं पहिलं काम. पण तालुक्याहून आलेल्या मूळ फायली पप्पांच्या जुन्या व्हर्जनमध्ये उघडणारच नव्हत्या. नवं व्हर्जन हवं. शिवाय ज्याच्या नावानं काम त्याच्याच नावाचं लायसन्स हवं, अशी तालुक्याच्या ऑफिसची अट. कंपनीची सवलत चालू होती: जुनं लायसन्स द्या, थोड्या पैशात नवं व्हर्जन घ्या. पण एकतीस मार्चच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंतच. पाच वाजून एक मिनिटानं पूर्ण किंमत. ती मित्राकडे नव्हती. आणि तिच्याऐवजी काम घ्यायला नांदेडची एक पार्टी टपूनच बसली होती.

"फेरफार म्हटला की नोटीस आली," पप्पा सांगत होते. "हितसंबंधितांना कळवायचं. हरकतीला पंधरा दिवस. मग नोंद मंजूर."

मित्रानं तोंड उघडलं. तिच्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पण त्या दिवशी सोळा मार्च होता. तिनं बोटांवर मोजलं. पंधरा दिवस बरोबर बसत होते. आणि वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना त्यांच्या खेळात गुंतवून ठेवावं, आपण आपलं काम करावं, हा तिचा सिद्धांत होता.

"लावा नोटीस," ती म्हणाली.

आत चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

नोटीस तिनंच टाइप केली. 'तमाम हितसंबंधितांस कळविण्यात येते की' इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग पप्पा म्हणाले, "चतुःसीमा?"

"सॉफ्टवेअरला चतुःसीमा नसते पप्पा."

"मिळकतीला चतुःसीमा नाही? मग ती मिळकत शेजाऱ्याची आहे की आपली, हे कोण ठरवणार?"

शेवटी 'पूर्वेस खिडकी, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस भिंत, दक्षिणेस अर्जदार' असं लिहिलं गेलं आणि नोटीस ऑफिसच्या दारावर चिकटली. गल्लीतली माणसं थांबून वाचू लागली. दोघांनी आत येऊन चौकशी केली की हे लायसन रेशन दुकानाचं आहे काय. एकानं 'दक्षिणेस अर्जदार' वाचून मित्राकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

हितसंबंधितांना नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. हितसंबंधित दोनच. एक आई, सरजाबाई. तिची नोटीस पोस्टमन ह्याच घरी घेऊन आला. आईनं निवडत असलेली मेथी बाजूला सारून पोचपावतीवर सही केली आणि पाकीट न फोडताच 'नाहरकत' लिहून दिलं. "ह्या घरातून एक तरी वस्तू कमी होत असंल तर माझी कशाला हरकत?"

दुसरी हितसंबंधित, मुखेडची धुरपता आत्या. पप्पांची मोठी बहीण.

"आत्याचा काय संबंध?" मित्रानं विचारलं होतं.

"रक्ताचा," पप्पा म्हणाले.

दोन आठवडे मुखेडहून काही उत्तर आलं नाही. मित्रा निर्धास्त होती. सॉफ्टवेअरचे नांदेडचे डीलर पंचाक्षरी सर रोज फोन करत होते, "मॅडम, फॉर्म?" आणि ती रोज सांगत होती, "एकतीसला सकाळी पाठवते सर." एकतीसला सकाळी पप्पांनी खुलासा केला की मुदतीचा शेवटचा दिवस हाही मुदतीतच धरतात आणि दिवस संपतो तो कार्यालयीन वेळ संपल्यावर. म्हणजे पावणेसहाला.

"पप्पा! पाचला सवलत बंद होते!"

"सगळ्यांची नाहरकत आली असती तर मुदतीआधी मंजूर करता आलं असतं. धुरपताबाईची आली नाही."

"आत्याला फोन लावा!"

"फोनवर नाहरकत ग्राह्य नाही," असं पप्पा म्हणत होते, तोच दारात रिक्षा थांबली. अडीच वाजले होते.

रिक्षातून आधी पाच लिटरचा पाण्याचा कॅन उतरला. (त्या मार्चमध्ये लातूरला येणारे पाहुणे आपलं पाणी घेऊन येत. मिठाई आणणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं.) मग पिशवी उतरली आणि मग पदर खोचलेली, सत्तरीतली, एरंडाच्या काडीसारखी बारीक धुरपता आत्या.

"जयभीम," आत्या म्हणाली. "मी हरकत घ्यायला आले."

मित्रानं कॅन उचलता उचलता विचारलं, "आत्या, तुम्हाला माहीत तरी आहे का ते काय आहे?"

"न्हाई. म्हणूनच तर हरकत हाय."

आणि पप्पा? मुलीच्या डोक्यावर दगड पडत असताना बापाच्या चेहऱ्यावर जे दिसायला नको ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आनंद. चार वर्षांनी त्यांच्यासमोर हरकतदार उभा होता. ते आत गेले आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, बटणं लावून बाहेर आले. मित्राला तिच्या खुर्चीवरून उठवून स्वतः बसले.

"तीन वाजता सुनावणी," त्यांनी जाहीर केलं. "तोवर हरकतदारांना चहा द्या."

तीनला सुनावणी सुरू झाली.

"हरकतदार हजर आहेत का?"

"तुझ्या म्होरं बसले न्हाई का रे निवरती?"

"हजर असल्यास हजर म्हणावं."

"हजर! आता फुडं बोल."

"हरकतीचं कारण?"

आत्यानं मित्राकडे बोट केलं. "हिला इचार, ती वस्तू काय हाय ते. मला दाव. मग मी कारण सांगते."

मित्रानं घड्याळ पाहिलं आणि दात आवळून समजावायला घेतलं. सॉफ्टवेअर म्हणजे कम्प्युटरच्या आत असतं. त्यानं नकाशे काढतात. ते दिसत नाही. हातात धरता येत नाही.

"दिसत न्हाई, धरता येत न्हाई. मग पावणेदोन लाख कशाचे दिले?"

"तेच मी म्हणते," आतून आई म्हणाली.

"वापरायच्या परवानगीचे दिले, आत्या."

"परवानगी! म्हणजे वाटणी केली तर प्रत्येकाला थोडी थोडी येईल की."

"वाटणी होत नाही. एका वेळी एकाच कम्प्युटरवर चालतं."

आत्या विचारात पडली. मग मांडीवर थाप मारून म्हणाली, "मग ते विहिरीसारखं हाय म्हण की. विहिरीचे बी कुठं वाटे पडतेत? पाळी पडती. दोन दिस एकाचे, दोन दिस दुसऱ्याचे. मला माझी पाळी पायजे."

पप्पांनी लिहून घेतलं. 'हरकतदाराने मिळकतीत पाळीची मागणी केली.' त्यांचं अक्षर सुंदर होतं आणि त्यामुळे अतिशय सावकाश येत होतं.

"पप्पा, तुम्ही हे लिहून काय घेताय? आत्या, तुम्ही मुखेडला त्याचं करणार काय?"

"तू तुझ्या पाळीला काय करती, मी इचारलं?"

इतक्यात फोन वाजला. पंचाक्षरी सर.

"मॅडम, फॉर्म राहू द्या, रिलीज कोड तरी पाठवा."

"कसला कोड?"

"जुन्या मशीनवरून लायसन्स सोडवायचं ना आधी. त्याशिवाय ते नव्यावर बसत नाही. सोडवलं की सोळा आकडी नंबर येतो. दुसऱ्या पानावर लिहिलंय सगळं."

मित्रानं फॉर्म उलटा केला. त्याला दुसरं पान होतं. पंधरा दिवस ते पान तिथंच होतं. (पप्पांनी ते सोळा तारखेलाच वाचलं होतं आणि पेन्सिलीनं दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं.)

"जुना कम्प्युटर कुठाय?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर आठवलं. चतुःसीमेत ती स्वतःच टाइप करून बसली होती. पश्चिमेस पाण्याची टाकी.

टँकर आठ-दहा दिवसांनी येत होता. त्या पाण्यासाठी घेतलेली दोनशे लिटरची टाकी जमिनीवर ठेवली तर नळाखाली कळशी बसेना. म्हणून पप्पांनी एका बाजूनं विटा लावल्या होत्या आणि विटा कमी पडल्या तेव्हा दुसऱ्या बाजूनं जुन्या कम्प्युटरचा डबा आडवा घातला होता. चांगल्या पत्र्याचा होता. त्यांनी पाणसळ लावून पाहिली होती. अगदी समपातळीत होता.

तीन वाजून पस्तीस मिनिटं. टाकीत अर्ध्याच्या वर पाणी होतं.

"टाकी उचला," मित्रा म्हणाली.

"शंभर किलोच्या वर आहे," पप्पा म्हणाले.

"मग पाणी ओता!"

हे वाक्य त्या वर्षी लातूर शहरात बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आत्या उठून उभी राहिली. दोघींनी मित्राकडे असं पाहिलं, की कॉलेजात रॅगिंग करणाऱ्या सीनियरना तोंडावर सुनावणारी ती मुलगी जागच्या जागी आक्रसली.

"म्हणजे... भांड्यांत ओता, असं म्हणायचं होतं."

मग आत्यानं सूत्रं हातात घेतली. घागर आली, कळशी आली, दोन बादल्या, तीन पातेली, कुकर, आईचं पीठ मळायचं परातवजा भांडं, पप्पांचा ऑफिसला न्यायचा जुना जेवणाचा डबा. त्यात प्रत्येक पुडाला अर्धा तांब्या. नळाची धार करंगळीएवढी. मित्रा मोठ्या मगानं वरून उपसू लागली तर आत्यानं तिच्या हातावर चापट मारली. "शिंतोडे उडून राहिलेत. तांब्यानं घे. हळू."

"आत्या, वेळ नाही!"

"वेळ उद्या बी येतो. पाणी आठ दिसांनी येतं."

मित्रानं तांब्या घेतला. तांब्या बुडव, ओत. तांब्या बुडव, ओत. चार वाजले. आणि त्या लयीत आत्या बोलू लागली, कोणाला उद्देशून नाही, पाण्याशीच बोलावं तशी.

"आमचा बाप गेला तव्हा दीड एकर माळ होता. फेरफाराला पाच माणसं माझ्या सासरी आली. शाईचा डबा घेऊन. अंगठा दे म्हणले. मी भाकरी करून राहिले होते. हात धुवायला बी सवड दिली न्हाई, पिठाचाच अंगठा उमटवून घेतला. हक्क सोडला म्हणले. कोणी इचारलं न्हाई, बाई, तुझी हरकत हाय का." तिनं तांब्या रिता केला. "निवरती, तू बी त्या पाचांत होतास."

पप्पा कुकरमधल्या पाण्याकडे बघत राहिले.

"आता ह्या वयात माझ्या नावाची नोटीस आली. रजिस्टर. पोस्टमननं आळीत मोठ्यानं नाव घेतलं, धुरपताबाई कोण? नातवानं वाचून दावली. हरकत असल्यास हजर राहावे. माझी हरकत असू शकते, हे सरकारी भाषेत लिहून आलेलं. मी येऊ न्हाई व्हय?"

मित्रानं कॉलेजात 'स्त्रिया आणि मालमत्तेचा हक्क' या विषयावर वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस घेतलं होतं. सभागृह दणाणून सोडलं होतं तिनं. आणि आता तो हक्क जिवंत होऊन, हातात तांब्या घेऊन तिच्यासमोर उभा होता आणि ती मनात म्हणत होती, चार दहा, चार दहा, चार दहा. तिची तिलाच लाज वाटली. अर्थात लाज वाटायलाही वेळ नव्हता.

चार वीसला टाकी हलली. जुन्या डब्याच्या पाठीला चांगला अर्धा इंच पोचा पडला होता. वायर लावली, बटण दाबलं. आतून कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर शिरावं असा आवाज आला आणि मग, कोणाच्या पुण्याईनं कोण जाणे, पडदा उजळला. सॉफ्टवेअर उघडायला सहा मिनिटं लागली. चार तेहतीसला सोळा आकडे आले. मित्रानं ते तळहातावर लिहून घेतले, कारण सगळे कागद सुनावणीच्या फायलीत होते आणि फाईल पप्पांच्या कोपराखाली होती.

"कोड मिळाला सर!" ती फोनमध्ये ओरडली.

"फॉर्म?" पंचाक्षरी सर म्हणाले.

मित्रा आत्यासमोर जाऊन खाली बसली. पाय दुमडून, जमिनीवर.

"आत्या, सोमवार आणि मंगळवार तुमचे."

"खरं?"

"खरं. त्या दोन दिवशी ह्या लायसन्सवर तुमचा हक्क. तुम्ही म्हणाल ते काम. मी फक्त कम्प्युटर चालवीन."

"सोमवार बरा. मंगळवार नगं, माझं पारायण असतं वस्तीवर, ग्रंथ वाचतेत. बुधवार दे."

"बुधवार घ्या."

"उन्हाळ्यात पाळी वाढवून देतेत, विहिरीची."

"आत्या, हे उन्हाळ्यात आटत नाही!"

आत्यानं तिच्याकडे आदरानं पाहिलं. त्या तीन वर्षांत न आटणारी वस्तू तिनं ऐकलीच नव्हती. "मग माझी हरकत न्हाई," ती म्हणाली. "कुठं लिहू? अंगठा न्हाई देणार. सही येती मला आता. साक्षरता वर्गात शिकले."

तिनं सही केली. 'धुरपताबाई' यातलं एकेक अक्षर तिनं भांगलण करावी तसं, रोप न दुखवता काढलं. मित्रा श्वास रोखून बघत होती. चार त्रेचाळीस.

"आता तुमची सही, पप्पा. फुलीवर."

"आधी आदेश," पप्पा म्हणाले.

आदेश चार परिच्छेदांचा झाला. 'हरकतदाराने स्वखुशीने हरकत मागे घेतली असून' इथं त्यांचं पेन संपलं. मित्रानं दुसरं दिलं. ते निळं निघालं. आदेश काळ्यात सुरू झालेला असल्यानं तो काळ्यातच संपला पाहिजे. आईनं देवघर नसलेल्या त्या घरात देवाचं नाव घेतलं आणि वाणसामानाच्या यादीचं काळं पेन आणून पप्पांच्या हातात कोंबलं. आदेश लिहून झाला. तो उभयपक्षांस वाचून दाखवण्यात आला. उभयपक्षांपैकी एक पक्ष ह्या वेळी नखं खात होता.

चार त्रेपन्नला पप्पांनी फुलीवर सही केली. लागले अकरा सेकंद. निदान तो अंदाज तिचा बरोबर निघाला होता.

मग सगळं भराभर झालं. फॉर्म स्कॅन, अपलोड, सवलतीचे पैसे, तळहातावरचे सोळा आकडे (एक तीन होता की आठ, हे घामामुळे कळेना, आठ होता). चार सत्तावन्नला पडद्यावर एक लांबलचक मजकूर आला आणि त्याखाली बटण: 'अटी मान्य'.

"मॅडम, ते एकदा नीट वाचून घ्या," फोनमधून पंचाक्षरी सर म्हणाले. "यंदापासून कंपनीनं जरा बदल—"

"सर, तीन मिनिटं राहिलीत! वाचत काय बसू?"

तिनं बटण दाबलं.

चार अठ्ठावन्नला हिरवी खूण आली. खाली नाव उमटलं. संघमित्रा निवृत्ती सोनकांबळे. ती त्या नावाकडे बघत राहिली. बारावीच्या निकालात पाहिलं होतं, पदवीवर पाहिलं होतं, पण ह्या नावाच्या मालकीची म्हणून एक वस्तू जगात आहे, हे ती पहिल्यांदा बघत होती. शिरूर अनंतपाळची फाईल उघडली. अकरा गावं, नाले, बांध, सगळं निळ्या रेषांत लख्ख समोर आलं. आईनं डोळे पुसले. आत्या पडद्याला हात लावून म्हणाली, "दिसतंय की!"

"ह्याची एक नक्कल काढ," पप्पा म्हणाले. "दप्तराला."

ती इतकी खुशीत होती, की तिनं त्या अटींच्या एकोणीसच्या एकोणीस पानांची नक्कल काढून दिली. चहा झाला. कुकरमधल्या पाण्याचा. पप्पा चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, पान पहिल्यापासून वाचत होते. सातव्या पानावर ते थांबले. मागं गेले. पुन्हा सातव्यावर आले.

"मित्रा, आपलं जुनं लायसन्स किती मुदतीचं होतं?"

"कायमचं. एकदा घेतलं की घेतलं."

"म्हणजे वर्ग एकची, निर्वेध मालकी. आणि हे?"

"हे पण तसंच."

"कलम सात," पप्पांनी पेन्सिल टेकवली आणि सरकारी आवाजात मराठी केलं. "सदरहू अटी मान्य करताच जुना कायमचा परवाना रद्द समजण्यात येईल. नवा परवाना तीनशे पासष्ट दिवसांचा राहील. पुढे दर साली रक्कम भरून चालू ठेवावा. न भरल्यास बंद."

टाकीच्या रिकाम्या नळातून एक थेंब पडला आणि आईनं सवयीनं खाली वाटी सरकवली.

"मालकी देऊन तू एकसाली लावणी घेतलीस," पप्पा म्हणाले. रागानं नाही, मोजणीत पाच गुंठे कमी भरल्यावर शेतकऱ्याला सांगत तसं, हळुवार. "मालक व्हायला गेलीस आणि कूळ झालीस, बाई."

"माझी पाळी?" आत्यानं विचारलं.

पप्पांनी पानं उलटली. "कलम अकरा. परवानाधारकाने अन्य कोणासही वापर करू देऊ नये. पोटकूळ ठेवता येत नाही, धुरपताबाई. तुझी पाळी रद्द."

"कोणी केली रद्द? कोणी मान्य केलं हे?"

पप्पा आणि आई, दोघांनी एकाच दिशेला पाहिलं. आत्यानं मित्राच्या उजव्या हाताची तर्जनी धरली, उलटीपालटी करून पाहिली.

"म्या न वाचता अंगठा दिला, तव्हा निदान भाकरी करून राहिले होते," ती म्हणाली. "तू काय करून राहिली होतीस?"

अकरा गावांचे नाले पडद्यावर शांतपणे वाहत होते, पुढच्या मार्चपर्यंत. मित्राच्या डोळ्यांत पाणी तरारलं तसे पप्पा उठले आणि पहिल्यांदाच टेबलाच्या ह्या बाजूला, तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"रडू नको. कुळाला कायद्याचं संरक्षण असतं. कसेल त्याची जमीन. तू नेटानं कसत राहा, आपण अर्ज करू. माझ्या नोकरीत देवणीकडची एक केस होती. कुळाच्या विरुद्ध मोठा माणूस, सगळं वजन त्याच्या बाजूनं. एकतीस वर्षं चालली. पण निकाल कुळाच्याच बाजूनं लागला."

मित्रानं नाक पुसलं. "कूळ किती खूश झालं असेल."

"त्याचा नातू झाला खूश," पप्पा म्हणाले.